सव्वादोनच्या बांगड्या

भाईंदर पश्चिम,
बुधवार, दुपार

प्रिय वहिनी,

काल माझ्या उजव्या मनगटाचे टाके काढले. डॉक्टर म्हणाले, "आता बोटं चालवायची. रोज पानभर काहीतरी लिहा, रामनाम लिहिलंत तरी चालेल." म्हणून आज जेवणं झाल्यावर तुमच्या मनूची कॉलेजची अर्धी कोरी वही घेतली, वर 'श्रीराम' लिहिलं, आणि दुसऱ्या ओळीला तुम्हीच आठवलात. देवाचं नाव घ्यायला बसावं तरी मध्ये तुम्ही! तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली, तरी या घरात माझ्या आधी तुमचाच नंबर.

अक्षराला हसू नका. अंगठा पेन धरतो, पण आपण पेन धरलंय हे त्याला अजून नीट कळत नाही. तुमचं अक्षर कसलं सुरेख होतं! लग्नपत्रिकेवरची नावं तुम्ही घालायची आणि पत्रिकांना हळदीकुंकू मी लावायचं, ही आपली वाटणी. मला ती कधीच आवडली नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते काम बाकीचे चोख करतायत, त्यामुळे मी खरं लिहिते. मी तुमच्यावर जळत होते, वहिनी. लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यापासून. आणि खरं सांगू? अजून जळते.

जळायचं नाही तर काय करायचं? आपण सगळे परळची खोली सोडून इथे भाईंदरला दोन खोल्यांत आलो. एका खोलीत दोन जावा, मधे सासूबाई. आमटीत गूळ किती? थोरलीला विचार. टँकर कधी येणार? थोरलीला विचार. भिशीच्या बायका दारात आल्या की माझ्या डोक्यावरून आत बघायच्या, "वहिनी आहेत का?" मी दारात काय पडदा लावायला उभी होते?

आणि आपले जयंतीभाई! त्यांच्या इमिटेशनच्या माळांचं काम आपण दोघीही घरी बसून करत होतो. तीच तार, तेच खोटे मोती, तीच पक्कड. मोती ओवायचा, तारेला पीळ घालायचा, पुढचा मोती. पण पिशवी उघडून बघितली की ते म्हणायचे, "बड़ी भाभी का हाथ तो मशीन है, मशीन." माझ्या माळा उलटसुलट करून बघायचे आणि गुपचूप पिशवीत टाकायचे. तुम्ही हसून म्हणायचात, "छोटी भी अच्छा करती है, जयंतीभाई." मला तुमच्या त्या शिफारशीचा जास्त राग यायचा.

मग तुमचा हात दुखायला लागला.

तुमच्या हातून चहाचा कप पडला तो दिवस मला लख्ख आठवतो. का, माहितीये? त्या दिवशी मी माझं सांगणार होते! सहा महिने झाले होते मला. पहाटे उठलं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, मुंग्या आलेल्या, हात झटकला की जरा बरं. भाकरी थापताना कळायचंच नाही की पीठ बोटांना लागतंय की नाही. आज जेवताना ह्यांच्या कानावर घालायचं असं ठरवून मी ताटं घेत होते, आणि तुमच्या हातून कप पडला. तुम्ही खाली बसलात आणि म्हणालात, "मला बोटंच कळत नाहीयेत हो."

झालं! सगळं घर तुमच्याभोवती गोळा झालं. सासूबाईंनी शेक आणला. मोठे भाऊजी, ज्यांनी स्वतःच्या तापाला कधी रजा घेतली नाही, ते दोन दिवस घरी बसले. आमचे हे, माझा नवरा, रिक्षा आणायला धावले. मी फरशीवरच्या काचा गोळा केल्या.

आता सांगा, त्यानंतर मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते की माझाही हात दुखतो? "थोरलीचं बघून हिचंही सुरू झालं," हे वाक्य सासूबाईंच्या ओठांवर मला आधीच दिसत होतं. तुमचं दुखणं घरात आधी पोचलं. माझं मागून आलं असतं तर ती नक्कल ठरली असती. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? मी गप्प बसले.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून आलात तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात परकर हातात घेऊन आम्हाला समजावलं होतं. मनगटातून नस जाते ती नेफ्यातल्या नाडीसारखी. वरची शिवण आवळली की नाडी अडकते. डॉक्टर तेवढी शिवण उसवणार, नाडी मोकळी. किती सोपं करून सांगितलंत! सासूबाई म्हणाल्या, "थोरलीला डॉक्टरच करायला हवं होतं." मी भाताखालचा गॅस बारीक केला आणि पाठीमागे हात नेऊन झटकला.

तुमचं ऑपरेशन झालं. तुम्ही हाताला भलंमोठं पांढरं बँडेज बांधून खाटेवर बसलात, आणि शेजारणी मोसंबी घेऊन यायला लागल्या. पाणी मी भरलं. दोघींच्या वाटच्या भाकऱ्या मी थापल्या. तुमच्या वाटच्या माळासुद्धा मीच ओवल्या, कारण जयंतीभाईंचं काम एकदा दुसऱ्या घरी गेलं की परत येत नाही. तुम्ही रोज म्हणायचात, "शैला, किती करशील गं माझं!" आणि मी म्हणायचे, "त्यात काय एवढं." मनात काय म्हणायचे ते लिहीत नाही, वही मनूची आहे.

मग सासूबाईंनी कासारणीला बोलावलं. ऑपरेशनच्या वेळी तुमच्या बांगड्या उतरवल्या होत्या ना, त्याचं त्यांच्या मनाला फार लागलं होतं. सवाष्णीचे हात मोकळे! दोन महिन्यांनी जखम पुरती भरली, तेव्हा त्यांनी दिवस बघून कासारीण घरी आणली. तुम्हाला नवी साडी, पाटावर बसवलं, ओटी भरली. जणू दुसरं लग्नच! मी कोपऱ्यात नारळ फोडत होते.

तुमच्या उजव्या हाताला अजून सूज होती. कासारीण अडीचच्या बांगड्या चढवायला गेली, तर तुम्ही कळवळलात. शेवटी सैल पावणेतीनच्या चढवल्या, त्याही मोजक्याच. मग ती म्हणाली, "धाकट्या बाई, तुम्ही पण घ्या की. ओटीला बसल्यात तर दोघी बसा." मी हात पुढे केला. तिने अंगठा मुडपून तळवा दाबला, अडीचची बांगडी घेतली, आणि ती सर्रकन मनगटात जाऊन पडली. कासारीण म्हणाली, "अगं बया, हिला तर सव्वादोनची पण जाईल!" आणि गेली, वहिनी! हिरव्यागार सव्वादोनच्या डझनभर बांगड्या, एकही न फुटता.

सासूबाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "धाकटीचा हात नाजूक हो अगदी!"

सहा वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी तुमच्यापेक्षा सरस निघालं होतं. मी दिवसभर बांगड्या किणकिणवत फिरले. मुद्दाम तुमच्यासमोर भांडी घासली. लग्नात मला अडीचच्या बांगड्या तेल लावून चढवल्या होत्या. पाणी भरून, कपडे धुऊन, पक्कड दाबून एखाद्या बाईचा हात नाजूक कसा काय होतो, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. मला तर नाहीच नाही.

तुम्हाला पडला. संध्याकाळी तुम्ही "बघू गं" म्हणून माझा हात धरलात आणि अंगठ्याखालचा उंचवटा चाचपलात. तिथे उंचवटा नव्हताच. खळगा होता. तुमच्या डॉक्टरांनी ती खूण तुम्हाला सांगितलेली असणार, नस फार दिवस दाबली गेली की तिथलं मांस सुकत जातं. पण मला वाटलं, तुम्ही माझ्या हाताचं माप काढताय. मला वाटलं, जळतायत! कळू दे यांनाही कसं वाटतं ते. मी हात सोडवून घेतला, आणि तोही हसत हसत.

पंधरा दिवसांनी तुम्ही म्हणालात, "हात दाखवायला बोरिवलीला जायचंय, सोबत चल ना." मी आले. बाकावर तुमच्या शेजारी बसले. काउंटरवरच्या बाईने हाक मारली, "शैला कोण?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खाली बघत म्हणालात, "जा ना. नुसता दाखव." बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

तुम्हाला ठाऊक होतं! कधीपासून ठाऊक होतं? त्या घरात माझं असं एकच होतं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तेसुद्धा तुम्ही आधी जाऊन डॉक्टरांना सांगून आला होतात. माझं दुखणंही तुम्हीच सांगायचं? मी उठले. म्हणाले, "मला काही झालेलं नाही. तुमच्यासारखी हौस नाही मला." आणि जिना उतरले. तुम्ही मागून हाका मारत आलात, "शैला, अगं ऐक तरी." मी ऐकलं नाही.

वहिनी, आज तुम्हालाही एक बोल लावते. सरळ का नाही सांगितलंत? "शैला, तुझा अंगठा सुकतोय," एवढंच म्हणायचं होतं. फसवून न्यायची काय गरज होती? मी लहान मूल होते का, खाऊ दाखवून दवाखान्यात न्यायला? की तुम्हाला माहीत होतं, सरळ सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं? मी खूपदा विचार केलाय. ऐकलं असतं की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

आता जे लिहायचंय त्यासाठीच बहुतेक ही वही उघडली.

त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला सगळे बसले होते. तुम्ही वाढताना कमरेवर हात ठेवलात आणि सहज म्हणालात, "कंबर धरलीय जरा." माझ्या पोटात दुपारचा राग तसाच होता. मी म्हणाले, "वहिनींना दुखायलासुद्धा वेळ मिळतो बाई! आमचं कुठलं एवढं नशीब?"

सगळे हसले. भाऊजी हसले, हे हसले, सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. तुम्हीही हसलात. माझ्या एखाद्या बोलण्यावर सगळं घर हसलं असं तेव्हा पहिल्यांदाच झालं. मला काय आनंद झाला होता!

त्यानंतर तुम्ही कधी काही दुखतंय म्हणाला नाहीत. डोकं नाही, कंबर नाही, काही नाही. मी ते पाहिलं होतं, वहिनी. मला वाटलं, जिरली.

दोन वर्षांनी तुम्ही जेवायच्या कमी झालात. मनूने विचारलं तरी "पित्त झालंय," म्हणायचात. खाज सुटायची ते "घामोळं" म्हणायचात. दुपारी माळा करताना भिंतीला डोकं टेकायचात आणि कुणी आलं की ताठ बसायचात. तुमचे डोळे पिवळे दिसले ते मनूला, तेरा वर्षांच्या पोरीला. तोवर कावीळ फार पुढे गेली होती.

इस्पितळात दुपारी मी बसायची. तिसऱ्या दिवशी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. मी विचारलं, "का नाही सांगितलंत हो इतके दिवस?" तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, "अगं, दुखायला वेळच नाही मिळाला."

हे तुम्ही काय म्हणालात, वहिनी?

थट्टा होती का? नुसतं आपलं बोलण्यात आलं? की माझंच वाक्य, दोन वर्षं जपून ठेवलेलं, तुम्ही माझ्या हातात परत दिलंत? मी विचारणार होते. तेवढ्यात तुम्ही पाणी मागितलंत, मग नर्स आली, मग भाऊजी आले. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. माझ्या त्या वाक्याने तुमचं तोंड बंद झालं का? एवढं हो की नाही कळलं असतं तरी चाललं असतं.

आणि तुमची कमाल बघा, गेल्यावरही तुम्ही जिंकलात. जिवंत जावेशी निदान बरोबरी करता येते. मेलेल्या जावेशी काय करणार? तुमची आमटी आता कधीच खारट होत नाही. "थोरली असती तर" या तीन शब्दांनी या घरात दिवस उजाडतो. मनूला मी वाढवली, तिची वेणी घातली, दहावीचा अभ्यास घेतला, तरी तापात ती "आई" म्हणते तेव्हा मी दचकून उठते आणि मग कळतं, हाक मला नाहीये.

हाताचं मी पुढेही कुणाला सांगितलं नाही. तुम्ही गेल्यावर तर मुळीच नाही. तुम्ही न बोलता गेलात, आणि मी कुठल्या तोंडाने कण्हायचं? आता त्याला शिक्षा म्हणा, नाहीतर तिथेही तुमच्याशी बरोबरी म्हणा.

गेल्या दिवाळीनंतर माळेची तार माझ्या बोटात घुसली. मला कळलंच नाही. पांढऱ्या मोत्यांवर लाल दिसलं तेव्हा मनू ओरडली, "काकी, रक्त!" तिने माझा हात उलटसुलट करून बघितला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मला ओढत डॉक्टरांकडे नेलं. फसवून नाही हं. सरळ म्हणाली, "तुझा हात खराब झालाय, उठ." तुमची मुलगी तुमच्यापेक्षा बरी निघाली.

डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, "आठेक." ते म्हणाले, "आधी का नाही आलात?" काय सांगू? जाऊबाईंचा नंबर आधी लागला म्हणून?

ऑपरेशन म्हणजे वीस मिनिटं, वहिनी! नुसता हात बधिर केला. मी जागी होते. डॉक्टर शेजारच्यांशी क्रिकेटचं बोलत होते. मग म्हणाले, "झालं, दाब काढला, नस मोकळी." एवढ्यासाठी मी आठ वर्षं काढली? एवढ्याशा शिवणीसाठी? मला टेबलावर पडल्या पडल्या रडू आलं, तर नर्स म्हणाली, "दुखतंय का?" मी म्हटलं, "हो." मोठ्याने म्हटलं. किती बरं वाटलं, काय सांगू!

मुंग्या गेल्यात. पहाटे हात झटकावा लागत नाही. पण अंगठ्याखालचं मांस परत येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. फार उशीर झाला. तुमचा हात सूज उतरल्यावर पहिल्यासारखा भरला होता, माझा खळगा राहणार. त्याचंही मला वाईट वाटतं आणि तुमच्या त्या भरलेल्या हाताचा हेवाही वाटतो. सासूबाई परवा सकाळी मला मऊभात भरवताना माझ्या टाक्यांकडे बघून काय म्हणाल्या, सांगू? "थोरलीची शिवण किती बारीक होती नाही?" मी म्हटलं, "हो, होती."

आता कामाचं. मनू अठरा वर्षांची झाली. कॉलेजातून आली की माळा करते, माझ्या वाटच्या तर गेला महिनाभर तीच करतेय. मी नको म्हटलं तरी जयंतीभाईंकडून पिशवी घेऊन येते. रविवारी सकाळी ती अंथरुणात उठून बसली आणि थर्मामीटर झटकावा तसा तिने उजवा हात झटकला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही काकी, झोपेत दबला असेल."

हे वाक्य मला पाठ आहे. अख्खी आठ वर्षं मीच म्हणत होते.

म्हणून तुम्हाला शब्द देते. माळांची पिशवी मी आजच परत पाठवतेय. येत्या मंगळवारी मी मनूला डॉक्टरांकडे नेणार आहे. 'सोबत चल' म्हणून नाही, 'तुझा हात दाखवायचाय' असं सांगून. काही नसलं तर उत्तम, आणि असलं तर अजून वेळ आहे. आणि तिथे बाकावर बसल्यावर, आत बोलावणं यायच्या आधी, मी तिला त्या जेवणाची गोष्ट सांगणार आहे. मी काय म्हणाले, सगळे कसे हसले, आणि तिने विचारलं तेव्हाही तुम्ही 'पित्त' का म्हणत राहिला असाल. हे तिला या घरात दुसरं कुणी सांगणार नाही. बाकीचे विसरले. मला विसरता येत नाही.

ती काय म्हणेल माहीत नाही. माझा हात झिडकारेल. रडेल. "आई असती तर" असं म्हणेल, तेही माझ्या तोंडावर, सगळ्या माणसांसमोर. आणि मी जळीन, वहिनी, नेहमीसारखीच जळीन.

पण या वेळी उठून जाणार नाही.

तुमची जाऊ,
शैला